मी सांगेपर्यंत ब्रश नको

दादाने आ केला आणि माझं डोकंच फिरलं. वरचे पुढचे दोन दात नुसतं बोट लावताच हलले. हिरड्या जांभळ्या, सुजलेल्या. वास तर मास्कमधूनही आला.

मी दातांची डॉक्टर. दिवसभर परक्यांच्या कानीकपाळी ओरडते आणि माझा सख्खा भाऊ सहा वर्षं दवाखान्याची पायरी चढत नाही! आज आला तोही सूर फाटतो म्हणून. दादा वाद्यवृंदात क्लॅरिनेट वाजवतो. क्लॅरिनेटचं तोंड नेमकं याच दोन दातांवर टेकतं. हे गेले की दादाचं वाजवणं संपलं.

खुणांची बारीक सळई हिरडीत घालून बघितली. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक असतं, इथे आठ. मग मी त्याला फैलावर घेतलं. म्हटलं, दातांवरचा चिकट थर काढला नाही की जंतू हिरडीखाली बिऱ्हाड थाटतात. त्यांना हुसकायला शरीर धावून येतं आणि त्या मारामारीत दात धरून ठेवणारं हाडच झिजतं. दुखत फारसं नाही, म्हणून तुझ्यासारखे शहाणे हातावर हात ठेवून बसतात. आळशी म्हटलं, घाणेरडा म्हटलं. बाहेरच्या पेशंटनीही ऐकलं असेल. ऐकू दे.

तणतणतच मी मागच्या दाढा बघितल्या. स्वच्छ होत्या. हिरडी गुलाबी, घट्ट. हा माणूस रोज नीट घासत होता, फक्त पुढचं सोडून.

"पुढेच का नाही रे घासलंस?"

"तूच नको म्हणालीस ना," दादा म्हणाला. "सहा वर्षांपूर्वी या हिरडीला टाके घातलेस तेव्हा. मी सांगेपर्यंत ब्रश लावायचा नाही, म्हणालीस. मध्ये एकदा लावला तर रक्त आलं. म्हटलं, तुझं बरोबरच असणार. सांगशील तेव्हा सांगशील."

टाके विरघळणारे होते, म्हणून मी त्याला परत बोलावलंच नव्हतं. मला दोन आठवडे म्हणायचं होतं. सहा वर्षांत शंभरदा त्याच्या घरी जेवले असेन, समोर बसून खिदळले असेन. एकदाही विचारलं नाही. स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

एक्सरे उजेडात धरला. त्या दोन दातांभोवती हाड जवळजवळ उरलंच नव्हतं.

"मग आता लावू ना ब्रश?" दादाने विचारलं.

"लाव," मी म्हणाले.