ह्रूश्काचं घर

"कोर्टात खेच मला," एमिल ह्रूश्का म्हणाला आणि त्यानं खसखशीचा गोड पाव लोरेटापुढे सरकवला. "पण आधी खाऊन घे."

लोरेटा पावेल्का शाळामंडळासाठी जमिनी मिळवायची. नेब्रास्कातल्या त्या गावातलं खेळाचं मैदान, बसगाड्यांचा तळ, सगळं तिनं लोकांच्या स्वयंपाकघरात बसून, गप्पा मारून मिळवलं होतं. मोबदला देऊन सक्तीनं जमीन घ्यायचा हक्क मंडळाला होता. पण तिच्या कारकिर्दीत ती वेळ कधी आली नव्हती. हे ती चारचौघांत सांगायची, जरा जास्तच सांगायची. आता नव्या शाळेला एमिलचं शेत हवं होतं आणि घर पाडायचं होतं.

"भाव कमी वाटतोय का, काका?"

"भाव चांगलाय. शाळेसाठी कर वाढवायला मतही दिलंय मी."

"मग करा की सही."

"नाही करणार. माझ्या व्लास्ताला, बायकोला, शब्द दिलाय, घर विकणार नाही म्हणून. जाताना हात धरून वदवून घेतलं बाईनं. तुम्ही हिसकावलंत, तर मी विकलं असं होत नाही."

"ही पळवाट झाली, काका."

"असू दे. तुझं काय जातंय?"

तिचं बरंच जात होतं. निवृत्ती जवळ आली होती आणि आयुष्यभर मिरवलेली गोष्ट हा म्हातारा मागत होता. तिला त्याचा रागच आला. तरी तिनं पाव संपवला, हात पुसले.

"ठीक आहे. खेचते."

कोर्टात न्यायाधीशांनी हरकत विचारली, तेव्हा एमिल कोट घालून ताठ उभा राहिला.

"आहे. जोरदार आहे. लिहून घ्या."

"मोबदला वाढवून हवाय?"

"छे. तो बरोबर आहे."

निकाल मंडळाच्या बाजूनं लागला. बाहेर पायऱ्यांवर एमिलची शेजारीण उभी होती.

"म्हाताऱ्याला कोर्टात ओढलंस? शोभतं का गं, लोरेटा?"

एमिल काही सांगायला पुढे झाला. लोरेटानं त्याचा दंड धरला.

"गप्प बसा, काका," ती म्हणाली आणि शेजारणीकडे वळली. "हो. हिसकावूनच घेतलंय मी."

शेजारीण तोंड फिरवून निघून गेली. एमिलनं खिशातून किल्ली काढून लोरेटाच्या हातावर ठेवली.

"मागचं दार अडकतं. उघडताना जरा वर उचलायचं."

पाडायच्या घराचं दार कसं उघडायचं, ते तिनं नीट ऐकून घेतलं.