तीन मिनिटांचं पद

"मास्तर, आमच्या विरूचं गाणं पळायलंय. तेवढं धरून द्या," असं म्हणत मल्लम्मा व्यंकटराव मास्तरांच्या ओसरीवर आली. तिच्या पदरात एक तबकडी गुंडाळलेली होती. मागून तिचा नवरा गुरुसिद्धप्पा ग्रामोफोनची पेटी दोन्ही हातांनी पोटाशी धरून धापा टाकत आला. सोनपेठेत ग्रामोफोन एकच, बन्सीधर कापडवाल्याचा. तो त्यांनी दुपारपुरता मागून आणला होता.

विरू म्हणजे विरूपाक्ष, त्यांचा एकुलता एक मुलगा. मदरशातला, म्हणजे निजामाच्या उर्दू शाळेतला, अलिफ-बे आटोपला की तो मास्तरांच्या ओसरीवर बाजाच्या पेटीपुढे येऊन बसायचा. आठ वर्षांचा असल्यापासून मास्तरांनी त्याचा गळा घडवला. एकोणिसाव्या वर्षी तो नाटक कंपनीबरोबर गेला आणि लुगडं नेसून नायिकेची कामं करू लागला. गुरुसिद्धप्पाने आपल्या किराणा दुकानाच्या पायरीवर उभं राहून, पुन्हा तोंड दाखवू नको, असं सांगितलं होतं. ते खरंच झालं. दोन वर्षांनी गुलबर्ग्याच्या मुक्कामात तो मुदतीच्या तापाने गेला. घरची माणसं पोचायच्या आत कंपनीवाल्यांनीच माती दिली. सहा महिन्यांनी कंपनीच्या पेटीवाल्याने ही तबकडी पाठवली. मुंबईला जाऊन विरूने गायलेलं एकच पद तिच्यात होतं.

पद मास्तरांनीच शिकवलेलं होतं. राणी आपलं तान्हं दासीच्या ओटीत घालते, तेव्हाचं. पिलू रागातलं, रडवेलं, थांबत थांबत म्हणायचं.

"बन्सीधरच्या दुकानात लावलं तर लोक माना डोलवायला लागले," मल्लम्मा म्हणाली. "एक जण म्हणला, लगीनघरात लावायजोगं हाय. मी तशीच उठून आले."

"तो बन्सीधर यंत्राला किल्ली बी कापड फाडल्यावानी देतो," गुरुसिद्धप्पा म्हणाला. "त्याच्यानंच पळत असंल."

मास्तरांनाही तसंच वाटलं. यंत्राच्या कडेला वेग कमीजास्त करायचा एक खटका असतो. तो सरकला असणार. त्यांनी तबकडीखाली कागदाची चिठ्ठी अडकवली, खिशातलं घड्याळ काढलं आणि सुई न टेकवता तबकडी फिरवून मिनिटाचे फेरे मोजले. अठ्ठ्याहत्तर. पुन्हा मोजले. अठ्ठ्याहत्तरच. यंत्र अगदी बरोबर होतं.

मग त्यांनी सुई टेकवली. पहिला सूर आला आणि मास्तरांचा हात आपोआप बाजाच्या पेटीवर गेला. काळी दोन. विरूची पट्टी. आवाज अस्सल त्याचाच, पण पद धावत होतं. जिथे थांबून श्वास घ्यायला शिकवलं होतं, तिथे श्वासच नव्हता. पहिलं कडवं, दुसरं कडवं, वर दोन ताना, आणि खरखर. राणी जणू तान्हं दासीच्या अंगावर टाकून गाडी गाठायला निघाली होती.

मास्तरांच्या ध्यानात सगळं आलं. तबकडीच्या एका बाजूवर तीन मिनिटं आणि वर थोडं, एवढंच मावतं. आठ मिनिटांचं पद तेवढ्यात कोंबायला पोराला पळवलं होतं. यंत्रात काही बिघडलंच नव्हतं.

"खटका मागं घ्या की," मल्लम्मा म्हणाली. "हळू फिरवा."

"हळू फिरवता येईल. पण मोटेचं चाक बघा मल्लम्माबाई. बैल जोरात निघाले की चाक चीं करतं, दमले की घूं करतं. ह्याचंही तसंच. लय उतरवली की सूरही उतरतो. दोन्ही एकाच दोरीला बांधलेत."

"तुमी लावा तर."

मास्तरांनी खटका मागे घेतला, थोडा, आणखी थोडा, गाणं ओसरीवरच्या त्या जुन्या लयीच्या जवळ येईपर्यंत. आता थांबे थोडे मोकळे झाले. मात्र सूर काळी दोनवरून घसरत खालच्या पांढरी सातवर गेला. कोणी चाळिशीतला, घसा बसलेला गृहस्थ लुगडं नेसून रडत होता.

मल्लम्माने नवऱ्याकडे पाहिलं. "हे तर तुमच्यावानी वाटायलंय."

गुरुसिद्धप्पाने गळ्यातल्या लिंगाच्या डबीवर हात ठेवला आणि तोंड अंगणाकडे फिरवलं.

"पुरे," ती म्हणाली. "लय विरूच्या जवळची हाय, पर मानूस दुसराच हाय."

मास्तरांनी खटका मधे आणून पाहिला. मधे लय आणि आवाज, दोन्ही परके. त्यांनी नवी सुई घातली. मास्तर शाळेत गणित शिकवत; एखाद्या पोराला ते सुटेना, तर चार तऱ्हांनी समजावून सांगत. पाचवी तऱ्हा त्यांना नेहमी सापडायची. आज सापडेना. शिवाय प्रत्येक खेपेला पोलादी सुई तबकडी थोडी थोडी खरवडत होती. खरखर वाढलेली त्यांना कळत होती.

"आपल्या दुकानात बी पोरगं असंच करायचं," गुरुसिद्धप्पा अंगणाकडे बघतच म्हणाला. "तराजू ठरायच्या आत पुडी बांधून मोकळं."

"दुकानात घाई करायचं. दुकानातून सुटायचं असायचं त्याला. गाण्यात कवा केली का घाई? मास्तर, तुमीच सांगा."

"कधीच नाही," मास्तर म्हणाले.

मल्लम्माने तबकडीकडे बोट करून विचारलं, "मला एक सांगा. जागा एवढीच होती, तर दोन कडवी कशाला म्हणायची? एकच म्हणायचं. बैजवार. चाललं नसतं का?"

चाललं असतं. मास्तरांना ते ती बोलायच्या आधीच सुचलं होतं. पद अर्धं सोडायचं नाही, हा नियम त्यांचा होता. ह्याच ओसरीवर त्यांनी तो पोरांकडून पाठ करून घेतला होता. हे तिला सांगायला त्यांनी तोंड उघडलं, आणि बाहेर आलं एवढंच, "चाललं असतं."

"मग लावा परत. तुमच्या त्या अठ्ठ्याहत्तरावर. आवाज तरी त्याचा हाय."

मास्तरांनी खटका जागेवर आणला. मल्लम्माने डोळे मिटले आणि गुडघ्यावर हाताने ठेका धरला, ओसरीवरच्या जुन्या लयीचा. गाणं तिच्या हाताला थांबलं नाही. ते पुढे गेलं, दुसरं कडवं घेतलं, ताना घेतल्या आणि संपलं. सुई खरखरत राहिली. मल्लम्माचा हात अजून पहिल्या कडव्यातच होता. तो तिथे थांबत थांबत पडत राहिला, आणि सुई उचलायला कोणी उठलं नाही.