मेणाची नासपती

“जे ठाऊक आहे ते काढू नका. जे दिसतंय तेवढंच काढा.”

चित्रकलेच्या लिओनिदा सरांचं हे वाक्य सावेता आठवडाभर कोंबड्यांना ऐकवत होती. दुसरं ऐकणार तरी कोण? नवरा, इलारिए, जाऊन नऊ महिने झाले होते. गुरुवारी दोन तास सांस्कृतिक भवनात स्थिरचित्र, म्हणजे मांडून ठेवलेल्या वस्तूंचं चित्र, शिकायचं, एवढ्या आधारावर तिचा आठवडा उभा होता.

पहिल्या तासाला सरांनी सांगितलं, समोर ठेवलेल्या सुरईचं तोंड गोल दिसत नाही, चपटं दिसतं.

“सर, चाळीस वर्षं घासतेय मी सुरया. गोलच असतं,” सावेता हळू आवाजात म्हणाली.

मग पेन्सिल हात लांब करून धरायची, एक डोळा मिटायचा आणि उंची मोजायची. सावेतानं डोळा मिटला तशी शेजारची प्रोफिरा खुसखुसली. “अगं, सरांना डोळा मारतेस? इलारिएला वर्ष तरी होऊ दे!”

दुसऱ्या गुरुवारी दोघी जरा लवकरच पोचल्या. सर खोलीत नव्हते. मेजावर पांढरंशुभ्र कापड, त्यावर पाव, लाल वाइनची बाटली, दोन सफरचंदं, एक नासपती आणि मधोमध मेणबत्ती. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि छातीवर क्रूसाची खूण केली.

“अगदी मेलेल्याच्या नावानं मांडतात तसं. सरांचं कुणीतरी गेलं गं.”

“आणि बिचाऱ्यानं कुणाला कळवलंसुद्धा नाही.”

मेलेल्या माणसाच्या नावानं मांडलेलं अन्न नाकारायचं नसतं, हे त्यांच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. सावेतानं मेणबत्ती पेटवली, “देव त्या जिवाला क्षमा करो” म्हणाली, वाइनचे चार थेंब जमिनीवर सांडले आणि पाव मोडला. मोडला म्हणजे मेजाच्या कडेवर आपटला. तीन दिवसांचा होता. प्रोफिराच्या वाट्याला नासपती आली.

“गोड आहे का?”

“गोड नाही. पण दातही सोडत नाही,” प्रोफिरा तोंड वेडंवाकडं करत म्हणाली. “आता नको तरी कसं म्हणू?” आणि तिनं डोळे घट्ट मिटून घास गिळला.

इतक्यात सर कोळशाच्या कांड्या घेऊन आले आणि दारातच थिजले.

“माझं स्थिरचित्र! सावली कुठं पडते ते बघत सकाळपासून मांडत होतो मी! आणि ती नासपती... अहो, ती मेणाची होती!”

“तरीच,” प्रोफिरा म्हणाली.

“सुरुवात कुणी केली?”

सावेतानं हात वर केला.

“तुम्ही पुढच्या गुरुवारपासून येऊ नका.”

वाद घालणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिनं शाल उचलली, दारापर्यंत गेली आणि थांबली.

“जाते, सर. एवढंच सांगा, हे अन्न कुणाच्या नावानं लावू?”

“कुणाच्याच नाही! कुणी मेलेलं नाही!”

“असं कसं, सर? क्षमा मागून झाली, वाइन सांडून झाली. ते कुणाला तरी पोचायला हवं ना? बिननावाचं अन्न वाटेत भटकत राहतं.”

सर खुर्चीत बसले. पेटलेल्या मेणबत्तीवरून ओघळणारं मेण त्यांनी बोटानं पुसलं.

“आग्लाया,” ते म्हणाले. “माझी आई. नदीपलीकडच्या दफनभूमीत आहे. अकरा वर्षं मी तिकडं फिरकलो नाही. आधी सवड नव्हती, मग लाज वाटायला लागली.”

दोघींनी पुन्हा खूण केली. प्रोफिरानं तर दातातलं मेणही आदरानं रुमालात काढून ठेवलं.

“या शनिवारी मी जाईन,” सावेता म्हणाली. “आग्लायाबाईंच्या डोक्याशी मेणबत्ती लावीन. शब्द देते.”

सरांनी नाक पुसलं. “गुरुवारी या तुम्ही. दोघीही. पण घरून जेवून या.”

शनिवारी उजाडता उजाडता सावेतानं प्रार्थना उरकली, कोंबड्यांना दाणे टाकले. ताजा पाव आणि मेणबत्ती फडक्यात बांधली, डोईला काळा रुमाल गुंडाळला, फाटक आवाज न करता लोटलं आणि ती पुलाच्या दिशेनं चालू लागली.