उतारावर वाकलेला पाइप

मित्रांनो, मी एक जुना पोलादी पाइप आहे. जपानमधल्या एका डोंगरउतारावर दगडी खांबांवर टेकून मी पडून असतो. माझ्यातून पाणी खाली वीजघरात जाते. मी मधोमध थोडा वाकलेला आहे. कुणी तिकडे बोट दाखवले की मला आजही मेल्याहून मेल्यासारखे होते.

ओइकावा नावाच्या कारागिरांनी मला घडवले. पत्रा वळवताना ते मला थोपटत म्हणायचे, "नाव काढशील माझं!"

पाणी सोडायच्या दिवशी सारा गाव भाताचे गोळे बांधून उतारावर जमला. पाणी आले. दोन खांबांच्या मध्ये मी खचलो, सांधा उघडला आणि सरपंच नखशिखांत भिजले.

"अगं बाई, हा पाइप आहे की माझी सासू?" किनुआजी ओरडल्या. सगळे खो खो हसले.

"ओइकावानं हलकं पोलाद घातलंय," मागून कुणीतरी म्हणाले. हसू थांबले.

ओइकावा पुढे आले आणि माफी मागण्यासाठी सगळ्यांसमोर कमरेत वाकून उभे राहिले. माझ्यामुळे! गंजून मातीत मिसळावे, असे मला वाटले.

इंजिनिअर नागुमो दगडावर बसून पुन्हा हिशेब करत होते. त्यांचा चेहरा उतरला. गप्प राहिले असते तर कुणालाच कळले नसते.

"ओइकावासान, सरळ उभे राहा," ते म्हणाले. "पोलाद चोख आहे. मी खांबांमधलं अंतर नकाशावर आडवं मोजलं आणि पाइपही तेवढाच धरला. उतारावर तो जास्त लांब भरतो, पाण्यासकट वजनही वाढतं. वाकवणारा जोर मी कमी धरला."

"मग तुम्हीपण वाका की, साहेब!" किनुआजी म्हणाल्या.

नागुमो खरेच वाकले. ओइकावांनी त्यांना दंडाला धरून उठवले.

मग मधे नवा खांब उभा राहिला, सांधा जुळला, गावात दिवे लागले. लोकांनी माझे कौतुकही केले. बाक मात्र गेला नाही.

आता वर कुणी फिरकत नाही. त्या मधल्या खांबाखालची माती धुपते आहे. खाली घरे आहेत, अंगणात मुले खेळतात. मित्रांनो, सांगायला लाज वाटते, पण पाण्याने भरलेले हे अंग मला एकट्याला पेलवणार नाही. कुणीतरी फावडे घेऊन वर या.