दहा चौकटींचा सूर

उलकान एजेचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. एजे म्हणजे थोरली बहीण; आमची ही शेजारीण सत्तरीची, चाळीस वर्षं मधमाश्या पाळणारी. सकाळीच कुंपणाशी येऊन म्हणाली, "मास्तर, जर्दाळूवर मोहोळ उतरलं होतं. टोपलीत घेऊन तळघरात टांगलंय. सूर्य डोंगराआड जायच्या आत दहा चौकटी तयार कर, मोहोळ तुझं. नाहीतर नदीपलीकडे राहणाऱ्या तुरातचं. दोन वर्षं मागे लागलाय तो."

दोन वर्षं तर मीही मागे लागलो होतो. आतबाशीच्या शाळेत मी तीस वर्षं कोमुझ शिकवला. मग बोटं आखडली आणि ते तीन तारांचं वाद्य खुंटीला लागलं. धडधाकट माणसानं दिवसभर चहा पीत बसायचं म्हणजे शिक्षाच. मला त्या माश्या हव्या होत्या, अगदी पोरासारख्या हव्या होत्या. माझ्या बायकोचं, सादातचं, म्हणणं एवढंच, "ज्यांना खिळा सरळ ठोकता येत नाही, त्यांच्याकडे कुठली माशी नांदणार?"

रिकामी मधपेटी, पट्ट्या, खिळे, तारेचं रीळ आणि मेणपत्रे, म्हणजे मेणाचे पातळ पत्रे, एजेनंच दिले. चार पट्ट्यांची चौकट ठोकायची, तिच्यात चार आडव्या तारा ओवायच्या, तारांवर मेणपत्रा बसवायचा. अशा दहा चौकटी पेटीत उभ्या टांगल्या की त्या पत्र्यांवर माश्या आपली घरं बांधतात. पहिले दोन खिळे माझ्या अंगठ्यावरच बसले. पण तार हातात आली आणि हात जुन्या सवयीला लागले. ओढ, छेड, ऐक, अजून ओढ. दुपारपर्यंत दहाही चौकटी अशा खणखणीत वाजू लागल्या की मी ऐटीत एजेला हाक मारली.

एजेनं एक चौकट उजेडात धरली. "मास्तर, ही चौकट आहे की नवरीची कंबर?"

तारांच्या ताणानं दोन्ही बाजूच्या पट्ट्या आत वाकल्या होत्या. मेणपत्रा बसेचना. माझा चेहरा उतरला.

एजेनं आपली एक जुनी चौकट आणून अंगठ्यानं तार छेडली. "माझ्या बापानं शिकवलंय ते एवढंच. आवाज असा हवा."

टंग्. ढिला, बेसूर आवाज. पोरं पहिल्या दिवशी कोमुझाची तार सैल ठेवतात, तसाच. तीस वर्षं मी तोच सूर दुरुस्त करत आलो होतो! आता चाळीस तारा मुद्दाम त्याच सुराला उतरवल्या. जिवावर आलं, पण उतरवल्या.

मग एजेनं आणलेली जीपची बॅटरी. तारेच्या दोन टोकांना जोडायची, तार तापून मेणात रुतते. "तीन मोज आणि काढ," एजे म्हणाली. नऊ पत्रे झकास बसले. दहाव्याला मी जरा खुशीत होतो आणि माझं 'तीन' विलंबित लयीत आलं. तारा आरपार गेल्या, पत्र्याच्या पट्ट्या होऊन खाली पडल्या. मेणपत्रा तो शेवटचाच. सूर्य डोंगराला टेकला होता.

"मी दहा म्हणाले होते," एजे म्हणाली.

"तुरातला द्या मग," मी म्हणालो. मेणाचे तुकडे गोळा करू लागलो.

तिनं चौकटी जवळ ओढल्या. नऊ चौकटी ओळीनं छेडत गेली. टंग्, टंग्, नऊ वेळा तोच आवाज.

"माझ्या बापालाही नऊच्या नऊ एकसारख्या कधी जमल्या नाहीत," ती म्हणाली. "पेटी उघड." उलकान एजेनं शब्द मोडलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

"दहावीच्या जागी हे दाबा. गारठतील बिचाऱ्या." मागे सादात उभी होती. हातात जाड नमद्याची, थापलेल्या लोकरीची घडी, कडेला नुकतीच फिरवलेली कात्री. हिवाळाभर शिवत बसली होती, त्याच गालिच्याचा तुकडा.

एजेनं टोपली झटकली. मोहोळ आत उतरलं, झाकण बसलं. सादातनं वाकून पेटीला कान लावला.

"सूर लागलाय," ती म्हणाली. "तुमच्यापेक्षा बरा."