सातव्या घरातला पाच

"संजना, पेपरवाले चुकलेत." मामांनी वहीवर पेन्सिल आपटली. "एकाच उभ्या रांगेत दोन सात येतायत. बघ जरा."

तव्यावरची पोळी तशीच टाकून मी गेले. मामा म्हणजे माझे सासरे, सावळीराम. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये तिकिटांचे छापील ताव तपासण्यात त्यांची चौतीस वर्षं गेली. केसाएवढी रेघ हललेली असली तरी त्यांच्या नजरेतून सुटायची नाही. असा माणूस रिटायर झाल्यावर पारावरच्या गप्पांत रमणार थोडाच! त्यांनी सुडोकू धरलं. पेपरातली घरं बारीक, म्हणून रोजचं कोडं शंभर पानी वहीत मोठं आखून उतरवायचं आणि मग सोडवायचं, असा त्यांचा शिरस्ता होता.

मी वहीशेजारी पेपर धरला. पेपर बरोबर होता. चौथ्या ओळीतला सात मामांनी एक घर सोडून लिहिला होता.

"खरंच की," मी म्हणाले. "त्यांचीच चूक आहे."

"म्हटलंच!" मामा खुलले. तेवढ्यात पोळी करपल्याचा वास आला आणि मी पळाले. बरंच झालं, माझं तोंड त्यांना दिसलं नाही.

कारण मी त्यांना शब्द दिला होता. त्यांचे थोरले भाऊ, कोंडाजी, पंचवटीत भाजी आणायला गेले ते दोन दिवसांनी सिन्नरच्या बसस्टँडवर सापडले होते. पुढे त्यांना घरातली माणसंही ओळखू येईनात. ते वारले, तेव्हा पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाहून आल्यावर मामा मला म्हणाले होते, "दादाला कुणी खरं सांगितलंच नाही. सगळे गोड बोलून फसवायचे. त्याला ते कळायचं गं. शेवटी तो कुणाच्या हातचं खाईना. माझं तसं नको. ज्या दिवशी रविवारचं अवघड कोडं मला जमणार नाही, त्या दिवशी तोंडावर सांगायचं. महेश नाही सांगणार, तो भित्रा आहे. तू सांगशील."

मी सांगेन म्हणाले होते. माझ्या नवऱ्याला ते भित्रा म्हणाले, त्याचा मला जरा आनंदच झाला होता. आता कळलं, आम्ही दोघं एकाच माळेचे मणी.

लग्न होऊन आले तेव्हा मी बारावी झालेली, खेड्यातली. महेश कंपनीत गेला की दुपार खायला उठायची. एकदा मामांनी वही पुढे सरकवली. नियम एकच, अंदाजाने आकडा टाकायचा नाही. "कारण सांग," म्हणायचे. कारण नसलं की खोडरबर. अवघड कोड्यांच्या इंग्रजी युक्त्या ते मोबाइलवर बघून शिकले होते आणि त्या युक्त्यांची मराठीत बारशी त्यांनीच केली होती. दोन घरांत तेच दोन आकडे उरले, की ती 'उघडी जोडी'. सुनेला हे नाव सांगताना बिचारे स्वतःच लाजले होते. सगळ्यात आवडता त्यांचा 'चौकोन'. तो समजायला मला पंधरा दिवस लागले. समजला त्या दिवशी मामांनी स्वतः चहा करून मला दिला. माझ्या डोक्याची एवढी किंमत तोवर कुणी केली नव्हती, माहेरीसुद्धा.

डॉक्टरांना दाखवलं नाही असं नाही. त्यांनी गोळ्या दिल्या आणि फार आशा दिली नाही. मामांना काही सांगायचं नाही, असं महेशने ठरवलं. गोळ्या बीपीच्या म्हणून देत होतो.

"डोळ्यांना ताण कशाला?" म्हणून कोडं उतरवायचं काम मी घेतलं. पण पुढे नीट उतरवलेलंही त्यांना सुटेना. मग दिवाळीपासून मी दुसरा उद्योग सुरू केला. पहाटे पेपर आला की आधी आपण सोडवायचं, आणि वहीत उतरवताना उत्तरातले पाच-सहा आकडे जास्तीचे लिहून टाकायचे. रविवारचं कोडं मला एकटीला सुटायला लागलं होतं. पण आनंद करायला जावं तर कुणापुढे?

काल रविवार. मामा विहारातून वंदना करून आले, चष्मा पुसून वही घेऊन बसले. बराच वेळ पेन्सिल हललीच नाही.

"संजना, इकडे ये." आवाज शांत होता, म्हणूनच मी घाबरले. "छापलेल्या कोड्याची एक रीत असते. वर जिथे आकडा, त्याच्या बरोबर उलट बाजूला खालीपण आकडा. दुसऱ्या ओळीत सातव्या घरात तू पाच लिहिलायस. मग आठव्या ओळीतलं तिसरं घर रिकामं कसं?"

आकड्यांचा धागा हातून सुटत चालला होता, पण नजर अजून प्रेसमधलीच होती.

"किती दिवस?"

"दिवाळीपासून."

"आणि त्या गोळ्या? बीपीच्याच का?"

मी मान हलवली. नाही म्हणून.

मामांनी डोळे मिटले. आता हे माझ्या हातचं पाणीसुद्धा पिणार नाहीत, असं वाटून मला रडूच फुटलं. "मामा, चुकले मी. शब्द मोडला. मला भीती वाटली हो."

"रडू नको. पाच बरोबर आहे का?"

"आहे."

"कारण सांग."

मी डोळे पुसले. "पाचव्या ओळीत पाचाला दोनच घरं आहेत, पहिलं नि नववं. खाली नवव्या ओळीतपण तीच दोन. म्हणजे चौकोन झाला. त्या दोन्ही उभ्या रांगांतले पाच या चौकोनातच संपले. दुसऱ्या ओळीत पाचाला तीन जागा होत्या, पहिली, सातवी, नववी. कडेच्या दोन गेल्या. राहिली सातवी."

मामा बोटाने घरं मोजत होते. बोट पाचव्या ओळीवरून सहाव्या ओळीत घसरलं.

"परत सांग."

मी परत सांगितलं.

"परत."

तिसऱ्यांदा त्यांचं बोट धरून मी एकेका कोपऱ्यावर ठेवलं. त्यांचाच चौकोन, त्यांनीच मला शिकवलेला. मामांनी वहीवरची नजर काढली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

"बरोबर आहे," ते म्हणाले.

त्यांना कळलं नव्हतं. न तपासता एकही ताव पुढे न सोडलेल्या माणसाने केवळ मी म्हणते म्हणून तो पाच मान्य केला. मग त्यांनी पेन्सिल माझ्या हातात दिली.

"पुढचा आकडा टाक. कारण मोठ्याने सांग, मी ऐकतो."

मी वही दोघांच्या मध्ये ठेवली आणि सहाचं कारण सांगायला लागले.