स्वानंदीच्या डॉक्टर

पुण्याहून नोकरीसाठी बेंगळुरूला आलेल्या स्वानंदीला गरोदरपणाचा तिसरा महिना लागला होता. जुन्या नैराश्यावरच्या तिच्या गोळ्या अजून चालू होत्या. महादेवपुऱ्यातल्या हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाल्या, "आनंदी राहा, गोळ्या बंद करा." तिला ते पटलं नाही.

मग नवरा अवधूत तिला के. आर. पुरमला डॉक्टर शिवलीलांकडे घेऊन गेला. त्या मूळच्या निपाणीच्या, मराठी बोलणाऱ्या.

त्यांनी विचारलं, "नैराश्य आलं तेव्हा सगळ्यात आधी काय बिघडलं होतं?"

"झोप."

"मग बाळ झाल्यावर रात्री त्याला कोण बघणार?"

"मी," अवधूत म्हणाला.

"गोळ्या आपल्या मनाने थांबवू नका. तुमच्या मानसोपचारतज्ज्ञांशी बोलून ठरवू."

स्वानंदीने बाळंतपणासाठी तिथेच नाव घातलं. मुलगी झाल्यावर काही दिवस तिला उगीच रडू यायचं, पण ते डॉक्टरांना सांगताना तिला संकोच वाटला नाही.